पडणे टाळता येते : किराणा दुकानात काम करणाऱ्यांसाठी एक पाठ



केळ्याच्या सालीवरून पाय घसरून कोणी पडला, की पाहणारे आधी हसतात आणि मग हात द्यायला धावतात. केळी हेच ज्याचे मुख्य पीक, त्या आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात हे दृश्य नवे नाही. परंतु जपानमधील कियोशी माबुची या प्राध्यापकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी जमिनीवर साल ठेवली, वर बुटाचा तळ ठेवला आणि दोहोंमधील घर्षण यंत्राने मोजले. साल नसताना जेवढे घर्षण होते, त्याचा सुमारे सहावा हिस्साच साल असताना उरला. सालीच्या आतल्या बाजूस अगदी बारीक पिशव्या असतात. पायाच्या दाबाने त्या फुटतात आणि त्यांतला बुळबुळीत रस वंगणाचे काम करतो. या अभ्यासाला २०१४ साली इग नोबेल पुरस्कार मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात.

साल निदान डोळ्यांना दिसते. किराणा दुकानाच्या फरशीवर सांडलेले चमचाभर तेल दिसत नाही. म्हणून आज आम्ही त्याच विषयावर लिहीत आहोत.

शेतीच्या पानावर दुकानाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. दोन भाऊ असतील, तर एक शेतात असतो आणि दुसरा शहरातल्या दुकानात मापाला किंवा पोती उचलायला जातो. बागेतले काम कमी झाले, की मुले चार महिने दुकान धरतात. मुली व सुना धान्य निवडण्याच्या, पुड्या बांधण्याच्या कामाला जातात. काहींनी घराच्या पडवीतच छोटे दुकान मांडले आहे. दुकानात जो हात मोडतो, तोच हात पुढे शेतात लागणार असतो.

एका घरात काय घडले

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची हकीगत येथे सांगतो. त्यांचे व दुकानाचे नाव देण्याचे कारण नाही, कारण अशी गोष्ट कोणाच्याही घरी घडू शकते.

मुलगा बावीस वर्षांचा. बागेत घड कापण्यात तरबेज. सणाच्या गर्दीत महिनाभर एका किराणा दुकानात कामाला लागला. तेथे सुटे तेल देण्याच्या डब्याखाली रोज थोडे तेल ठिबकत असे. त्यावर एक रिकामे बारदान टाकलेले होते. दिवसभर गिऱ्हाईक येत राहिले, बारदान तेलाने भिजून फरशीवरून सरकू लागले आणि संध्याकाळी दहा किलो साखर घेऊन वळताना या मुलाचा पाय त्यासह पुढे गेला. तोल सावरायला त्याने उजवा हात जमिनीवर टेकवला. मनगट तेथेच सुजले.

दुकानातून त्याला घरी पाठवले. घरच्यांनी रात्रीच हाड बसवणाऱ्याकडे नेले. त्याने हात ओढला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि कापडाने घट्ट आवळून बांधले. रात्रभर मुलगा कण्हत होता. “हाड बसते आहे, दुखणारच,” असे सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोटे फुगली, गार पडली आणि त्यांना स्पर्श कळेना. शेजारच्या परिचारिका बाईंनी ते पाहिले, ताबडतोब पट्टी कापायला लावली आणि त्याला सरकारी रुग्णालयात धाडले. हात वाचला. परंतु दोन बोटे आजही पूर्ण मिटत नाहीत. कोयता धरला, तर सुटतो.

येथे नीट पाहिले तर चुका दोन झाल्या. पहिली चूक तेल पुसण्याऐवजी झाकण्याची आणि दुसरी आवळून बांधण्याची. मनगटाचे साधे मोडलेले हाड बहुधा पाच-सहा आठवड्यांत जुळते. हाताचे नुकसान झाले ते मुख्यतः आवळलेल्या पट्टीने. रक्त पोहोचले नाही, तर स्नायू काही तासांत मरू लागतात आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून हा पाठ आम्ही दोन भागांत मांडतो : पडू नये म्हणून काय करावे, आणि पडल्यास काय करावे.

पडण्याचे तीन प्रकार

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडून मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. म्हणजे “पडला तर काय एवढे” असे म्हणण्यासारखी ही बाब नाही.

माणूस तीन प्रकारे पडतो. प्रकार ओळखला, की उपाय आपोआप सुचतो.

पहिला प्रकार घसरण्याचा. पाय व जमीन यांची पकड सुटते. पाय पुढे जातो आणि अंग मागे. माणूस उताणा किंवा बसता पडतो. मार माकडहाडाला, खुब्याला किंवा डोक्याच्या मागच्या भागाला लागतो. कारणे : तेल, पाणी, साबणाचा चुरा, ओली फरशी, झिजलेली चप्पल.

दुसरा प्रकार अडखळण्याचा. पाय कशाला तरी अडतो आणि अंग पुढे जाते. माणूस पालथा पडतो. मार तळहात, मनगट, गुडघे व तोंडाला लागतो. चालताना आपल्या पायाचा अंगठा जमिनीपासून केवळ एक-दोन सेंटिमीटर वर उचललेला असतो. त्यामुळे बोटभर वर आलेली फरशी, दुमडलेले बारदान किंवा वाटेत पडलेली सुतळी पाडायला पुरेशी होते. मोठा दगड दिसतो, म्हणून माणूस त्याला वळसा घालतो. पाडतो तो लहान अडथळा.

तिसरा प्रकार उंचावरून पडण्याचा. शिडी, स्टूल, डबा, पोत्यांची थप्पी, माळा किंवा टेम्पोची फळी यांवरून माणूस खाली येतो. हा प्रकार कमी घडतो. पण जीव जातो किंवा पाठीचा कणा मोडतो, तो बहुधा यातच.

दुकानात धोका कोठे असतो

कोणत्याही किराणा दुकानात शिरून दारापासून माळ्यापर्यंत नजर फिरवा.

दारात : दगडी पायरी हजारो पावलांनी गुळगुळीत झालेली असते. मृगाचा पाऊस सुरू झाला, की गिऱ्हाइकांच्या पायांबरोबर चिखल व पाणी आत येते. बाहेरच्या उन्हातून एकदम आत आले, तर काही क्षण डोळ्यांना अंधारी येते आणि नेमका तेथेच उंबरठा असतो.

फरशीवर : तेलाच्या डब्याभोवती, तुपाच्या व गुळाच्या जागी चिकट थर बसतो. त्याहून फसवे म्हणजे सांडलेले दाणे. साबुदाणा, मूग, वाटाणा, मोहरी ही गोल असतात. गुळगुळीत फरशीवर मूठभर वाटाणे पडले, तर पाय त्यांवरून चाकावर असल्यासारखा निसटतो. वाटाणे सांडले तर गिऱ्हाईक गेल्यावर झाडू, असे म्हणण्यात अर्धा तास जातो. पडायला एक क्षण पुरतो.

वाटेत : मोकळी खोकी, तराजूची वजने, सुतळीचे वेटोळे, खोक्यांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. या पट्ट्यांचे कडे तयार होते, एक पाय त्यात शिरतो आणि दुसरा पाय त्याला अडकतो.

मागच्या कोठारात : अंधार, एकच मिणमिणता दिवा आणि पोत्यांच्या थप्प्या. खालचे पोते ओढले, की वरची थप्पी अंगावर येते.

माळ्यावर : शिडी नसल्यामुळे माणूस तेलाच्या रिकाम्या डब्यावर चढतो. रिकामा डबा वजनाखाली चेपतो किंवा कलंडतो. वर चढलेल्याच्या हातात तोपर्यंत माल असतो, म्हणून त्याला कशाला धरताही येत नाही.

ओझ्याखाली : पोते पाठीवर घेतलेला माणूस आपली पावले पाहू शकत नाही. त्यात ओझे जड असेल तर तोल सावरणे आणखी कठीण. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यायचे ओझे ५५ किलोपेक्षा अधिक असू नये आणि स्त्रियांचे ओझे त्याहून बरेच कमी असावे. पूर्वी क्विंटलचे पोते एकट्याच्या पाठीवर देत असत. आज धान्याचे पोते साधारणतः ५० किलोचे असते व युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. शेजारच्या महाराष्ट्रात पुण्याच्या हमालांना डॉ. बाबा आढाव यांनी संघटित केले आणि तेथे १९६९ साली माथाडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. ओझे हलके व्हावे ही मागणी माणूस आळशी आहे म्हणून पुढे आली नाही. जड पोत्याखाली माणसे पडत होती, म्हणून ती करावी लागली.

न पडण्याचे दहा नियम

१. सांडले की त्याच क्षणी साफ करावे. ज्याने पाहिले त्याने साफ करावे. ज्याने सांडले त्याची वाट पाहू नये. एकाने जागेवर उभे राहून इतरांना थांबवावे, दुसऱ्याने सामान आणावे.

२. तेलावर पाणी कधीही ओतू नये. त्याने तेल पसरते. आधी लाकडाचा भुसा, राख किंवा कोरडी माती टाकावी. ती तेल शोषून घेते. मग झाडून काढावी, जागा गरम पाणी व धुण्याच्या सोड्याने घासावी, साध्या पाण्याने धुवावी आणि कोरड्या फडक्याने पुसावी. साबणाचे पाणी राहिले, तर तेही तेलाइतकेच घसरवते. यासाठी भुशाची एक बादली दुकानात कायम भरून ठेवावी.

३. बारदान पायपुसणे म्हणून टाकू नये. तेलाच्या डब्याखाली काठ असलेली परात ठेवावी आणि ती रोज रिकामी करावी.

४. चालण्याची वाट ठरवावी. दोन्ही बाजूंना चुन्याने किंवा रंगाने रेघ मारावी व त्या रेघेच्या आत काहीही ठेवू नये.

५. सुतळी व पट्ट्या कापल्याबरोबर टोपलीत टाकाव्यात. पट्टीचे कडे तोडल्याशिवाय टाकू नये.

६. उंबरठ्याच्या व पायरीच्या कडेला पांढरा किंवा पिवळा रंग द्यावा. गुळगुळीत दगडाला टाकी लावून घ्यावी. कोठारात चांगला दिवा लावावा आणि त्याचे बटण दाराजवळ असावे.

७. चप्पल तपासावी. रबरी चपलेचा तळ आरशासारखा गुळगुळीत झाला, की तिचे आयुष्य संपले. टाच पक्की धरणारी, खाचा असलेल्या तळाची पादत्राणे कामाला बरी. नवी जोडी डॉक्टरच्या एका खेपेपेक्षा स्वस्त पडते.

८. वर चढायला शिडीच वापरावी. भिंतीला टेकवलेली शिडी चार हात उंच टेकत असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार नेहमी शिडीवर असावेत. माल हातात घेऊन चढू नये. तो खालून दुसऱ्याने द्यावा. जड माल मुळातच माळ्यावर ठेवू नये. तो कमरेच्या उंचीवर असावा.

९. थप्पी लावताना विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधा मोडून पोती रचावीत. माल नेहमी वरून काढावा. दोन माणसे असताना पोते एकट्याने उचलू नये.

१०. घाई करू नये. गर्दीच्या दिवसांत व थकलेल्या अंगाने संध्याकाळी चुका अधिक होतात. मालकाने अशा दिवशी एक माणूस केवळ झाडझुडीला ठेवावा. दुकान उघडताना व दुपारी एक फेरी मारून हे दहाही मुद्दे पाहावेत.

यातले बहुतेक उपाय राख, झाडू, रंग व लक्ष एवढ्यावर होतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्यांना फारसा पैसा लागत नाही.

कोणी पडल्यास काय करावे

पडलेल्या माणसाला लगेच काखेत हात घालून उठवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडली पाहिजे. आधी त्याला तसेच राहू द्यावे व विचारावे : कोठे दुखते? हातपाय हलतात का? मुंग्या येतात का?

मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा ते हलत नसतील, तर माणसाला हलवू नये. डोके दोन्ही हातांनी जसे आहे तसे स्थिर धरावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा माणसाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे म्हणजे त्याला जन्माचे अपंगत्व देणे ठरू शकते.

डोक्याला मार लागला असेल, तर निदान एक दिवस-रात्र त्याच्याजवळ कोणीतरी राहावे. पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे : शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, फार झोप येऊन न उठणे, झटके, नाकातून किंवा कानातून रक्त वा पाणी येणे, एक बाहुली मोठी व एक लहान दिसणे. वृद्ध माणूस किंवा रक्त पातळ करण्याचे औषध घेणारा माणूस डोक्यावर पडला, तर लक्षण नसले तरी डॉक्टरांना दाखवावे.

मनगट किंवा हात सुजला असेल, तर प्रथम अंगठी, बांगड्या, कडे काढून घ्यावे. सूज वाढल्यावर ते निघत नाही. जाड पुठ्ठा किंवा घडी केलेले वर्तमानपत्र खाली देऊन हात आहे त्याच स्थितीत सैल बांधावा व गळ्यात झोळी करून अडकवावा. बांधल्यावर बोटाचे नख दाबून सोडावे. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. झाले नाही, तर पट्टी सैल करावी. हीच तपासणी वारंवार करावी.

मनगटाच्या एका हाडाविषयी विशेष सांगायचे आहे. अंगठा ताणून उघडला, की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. तेथे दाबल्यावर दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी हाड मोडलेले असू शकते. डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. “आधी काही निघाले नाही” म्हणून ती खेप चुकवू नये. हे हाड न जुळता राहिले, तर हाताची पकड कायमची कमजोर होऊ शकते.

घोटा मुरगळला असेल, तर पाय उशीवर उंच ठेवावा, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

वृद्ध माणूस पडून उठू शकत नसेल आणि त्याचा एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजावे. त्याला “वयच झाले आता” म्हणून खाटेवर ठेवू नये. खाटेवर पडून राहिल्याने फुप्फुसांत दाह होतो, पाठीला जखमा होतात आणि माणूस त्यानेच जातो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली, तर अनेक म्हातारी माणसे पुन्हा चालू लागतात.

जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. चुना, हळद, माती, तंबाखू लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. सुजलेल्या जागी चोळू नये आणि पहिले दोन दिवस शेकू नये. शस्त्रक्रियेची शक्यता असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत खायला-प्यायला देऊ नये.

हाड बसवणाऱ्यांविषयी आमचा अनादर नाही. पिढ्यानपिढ्या लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे. परंतु हाड कोठे व किती मोडले हे एक्स-रेशिवाय डोळ्यांना कळत नाही, आणि आवळलेली पट्टी दिवसात हात घालवू शकते. २००३ साली बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा रुग्णालय आपल्या शहरात आहे. आधी तेथे जावे. प्लास्टर घातल्यावरही दुखणे वाढले, बोटे निळी पडली किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहता परत जावे.

हक्क व विमा

मजूर कामावर पडला, तर “तुझीच चूक” असे म्हणून घरी पाठवतात. कायदा तसे म्हणत नाही. १९२३ सालीच आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यात आल्या आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिचा गाभा असा : कामामुळे व कामावर असताना इजा झाली आणि त्याने तीन दिवसांहून अधिक काळ काम बुडाले, तर मालक भरपाईस जबाबदार असतो. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मात्र मजूर दारू प्यायलेला असेल किंवा सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, तर मृत्यू व कायमचे पूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांना भरपाई नाकारता येते. कोणकोणत्या कामांना हे लागू आहे याची यादी कायद्यात दिलेली असते आणि प्रत्येक लहान दुकान तिच्यात बसेलच असे नाही. म्हणून श्रम कार्यालयात जाऊन विचारावे. दावा करायला उशीर लावू नये. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानात काम करणाऱ्याने आपले नाव कर्मचारी राज्य विम्यात आहे का, हेही विचारावे.

पुरावा त्याच दिवशी गोळा करावा. मालकाला लेखी कळवावे. कोणी पाहिले त्यांची नावे लिहून ठेवावीत. रुग्णालयात “कामावर असताना पडलो” असे खरे कारण सांगावे व कागदावर तसे लिहिले आहे ना, हे पाहावे. मालकावर बालंट नको म्हणून “घरी पडलो” असे सांगणारी साधी मुले आम्ही पाहिली आहेत. पुढे त्यांच्या हाती काही राहत नाही.

कायद्याच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा दोन्ही पाय गेल्यास २ लक्ष रुपये आणि एक डोळा, एक हात वा एक पाय कायमचा गेल्यास १ लक्ष रुपये मिळतात. साध्या मोडलेल्या हाडाला यातून पैसे मिळत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस कापला जातो. त्या वेळी खात्यात पैसे ठेवावेत. ज्यांच्याकडे आयुष्मान कार्ड आहे, त्यांच्या कुटुंबाला वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळू शकतात.

मालकांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी काहीजण स्वतः दुकानदार आहेत, काहींच्या बागेत मजूर आहेत. दुकानातली ही शिस्त शेतालाही लागू आहे. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या वाटेवर आडव्या पडलेल्या असतात, कापलेल्या खांबाचा पाणीदार लगदा पायाखाली येतो, आणि घड खांद्यावर घेतलेल्या माणसाला खाली दिसत नाही. टेम्पोला लावलेली ओली फळी, खळ्यातली सांडलेली तूर, न्हाणीघरातला शेवाळलेला दगड, विहिरीचा कठडा नसलेला काठ : सगळीकडे प्रश्न तेच आणि उत्तरेही तीच.

जो माणूस आपल्याकडे कामाला येतो, तो आपला शेजारी आहे. संध्याकाळी तो धडधाकट घरी पोहोचावा, ही जबाबदारी त्याला मजुरी देण्याइतकीच आपली आहे. वर सांगितलेल्या मुलाच्या दुकानात आता तेलाच्या डब्याखाली परात आहे आणि कोपऱ्यात राखेची बादली. तिला खर्च जवळजवळ काहीच आला नाही. ती आदल्या दिवशी ठेवली असती, तर त्याच्या हातातला कोयता आज सुटला नसता.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. घसरून पडणारा व अडखळून पडणारा यांच्या इजांमध्ये काय फरक असतो आणि का?

२. फरशीवर तेल सांडले असता करायच्या गोष्टी क्रमाने सांगा. पाणी आधी का ओतू नये?

३. हाताला पट्टी बांधल्यावर रक्त बोटांपर्यंत पोहोचते की नाही, हे कसे तपासाल? एकमेकांच्या नखावर करून पाहा.

४. आपल्या घरात, गोठ्यात, दुकानात व बागेत पडण्याच्या तीन-तीन जागा शोधा. येत्या आठवड्यात त्यांतील निदान एक दुरुस्त करा आणि पुढच्या बैठकीत काय केले ते सांगा.